शिर्डी एका नजरेत: ३६ हजारांचं शहर नेमकं चालवतं कोण?

शिर्डी म्हटलं की दर्शनरांग आणि गुरुवारची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या होती फक्त ३६ हजार ४. एवढ्याशा शहराला विमानतळ आहे, रेल्वे स्टेशन आहे आणि स्वतःच्या नावाचा लोकसभा मतदारसंघही आहे. मग शिर्डीचा गाडा चालतो कसा?

भूगोल: दोन नद्यांच्या मधे, तरी कोरडा

शिर्डी अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात येते. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला प्रवरा. नकाशावर पाण्याची चैन दिसते, पण हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथली बागायती शेती उभी राहिली ती गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर. याच तालुक्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

तरीही अनेक गावं कोरडीच राहिली. निळवंडे धरणाची कल्पना १९७० ची. त्याच्या डाव्या कालव्यात पाणी सोडण्याचा कार्यक्रम झाला २६ ऑक्टोबर २०२३ ला, पंतप्रधानांच्या हस्ते. म्हणजे मधे अर्धशतक गेलं.

कारभार: एक निवडलेला, एक नेमलेला

रस्ते, कचरा, नळाचं पाणी ही कामं नगर परिषदेची. तिचे सदस्य शिर्डीकर मतदानाने निवडतात. पण शहरातली सगळ्यात श्रीमंत संस्था म्हणजे श्री साईबाबा संस्थान. ते २००४ च्या स्वतंत्र कायद्यानुसार चालतं. त्याचं व्यवस्थापन मंडळ राज्य सरकार नेमतं.

साहजिकच या नेमणुकांवर राजकारण होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेव्हाचं मंडळ बरखास्त केलं आणि कारभार जिल्ह्याच्या प्रधान न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तदर्थ समितीकडे सोपवला.

याचा अर्थ काय? शहराचं अर्थकारण ज्या संस्थेवर उभं आहे, तिच्या कारभाऱ्यांना शिर्डीकर मत देऊन आणू शकत नाहीत आणि घरीही बसवू शकत नाहीत. दुसरी बाजूही आहे. दानपेटीतला पैसा देशभरातल्या भाविकांचा आहे, तो एकट्या शिर्डीचा नाही. २०१८ मध्ये निळवंडेच्या कालव्यांसाठी सरकारला ५०० कोटी बिनव्याजी देण्याचा निर्णय संस्थानने घेतला, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला: या पैशावर हक्क कोणाचा?

अर्थकारण: सगळं एकाच दारावर

हॉटेल, लॉज, हार-फुलं, पेढे, रिक्षा, टॅक्सी. शिर्डीतला जवळपास प्रत्येक धंदा मंदिराच्या दारातून सुरू होतो. तेल विकून जगणाऱ्या देशांसारखंच हे आहे. विहीर वाहती आहे तोवर चंगळ.

ती थांबली तर काय होतं, हे शहराने एकदा पाहिलंय. कोरोनामुळे १७ मार्च २०२० ला मंदिर बंद झालं, ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडलं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झालं आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला परत सुरू झालं. दोन वेळा मिळून वर्षभराहून जास्त काळ शहराचं मुख्य दार बंद होतं. राहाता तालुक्यातल्या शेतकऱ्याकडे निदान विकायला ऊस होता. कर्ज काढून लॉज बांधलेल्याकडे रिकाम्या खोल्या होत्या.

आता आव्हान वेगळं आहे. काकडीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत आली. येणं सोपं झालं, तसं जाणंही. सकाळी मुंबईतून निघालेला भाविक दर्शन घेऊन रात्री घरी पोहोचू शकतो. त्याला खोली लागत नाही, संध्याकाळचं जेवण लागत नाही आणि बाजारात रेंगाळायला वेळही नसतो. गर्दी वाढली म्हणजे प्रत्येकाचा गल्ला वाढला, हे गणित त्यामुळे सरळ राहत नाही.

मग बघायचं काय?

शिर्डीबद्दलच्या बातम्या बहुतेकदा दानाच्या आकड्यांच्या असतात. शहराचं पुढे काय होणार हे मात्र दुसऱ्याच गोष्टींवर ठरेल: संस्थानवर कोण बसतं, कालव्याला पाणी किती येतं आणि आलेला भाविक रात्री थांबतो की नाही. यातली एकही गोष्ट शिर्डीकरांच्या एकट्याच्या हातात नाही.