जॉब कार्डवरचे खरे कारण

ऑक्टोबर १९७६. जपानमधल्या फुजी ट्रॅकवर फॉर्म्युला वन मोसमातली शेवटची शर्यत, पाणी साचलेले, समोरचे दिसत नाही. निकी लाउडा जेम्स हंटच्या ३ गुण पुढे. दोन फेऱ्या झाल्या आणि लाउडाने फेरारी पिटमध्ये आणून शर्यत सोडली. मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरीने त्याला वाट काढून दिली होती: इंजिन बिघडले असे सांगू. लाउडाने ते नाकारले. या पावसात गाडी चालवणे धोक्याचे आहे म्हणून मी थांबलो, हेच त्याने सांगितले. हंट तिसरा आला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला.

हा माणूस भित्रा नव्हता. त्याच वर्षी १ ऑगस्टला नुर्बुर्गरिंगवर तो पेटत्या गाडीत अडकला होता. सहा आठवड्यांत, जखमा ओल्या असतानाच, मोंझात चौथा आला. १९७५, १९७७ आणि १९८४ अशी तीन विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. पण आपल्या गाडीदुरुस्तीच्या व्यवसायातल्या लोकांनी त्याच्याकडून घ्यावे ते फुजीचे. सोयीचे कारण तयार होते, मेकॅनिकच्या बाजूने सुचवलेले होते, तरी त्याने ते नोंदवू दिले नाही.

आपल्याकडे काय होते? बिघाड सापडला नाही की ‘सेन्सर बदलला’ असे लिहून गाडी सोडली जाते. महिन्याभराने तीच गाडी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये जाते, आणि तिथला कारागीर आपल्या खोट्या नोंदीवर विसंबून शोध सुरू करतो. ब्रेकच्या तक्रारीत हे कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

कारण सापडले नाही तर तसे लिहिता येते, याचे उदाहरणही लाउडाशीच जोडलेले आहे. मे १९९१मध्ये त्याच्याच विमान कंपनीचे बोइंग ७६७ थायलंडमध्ये कोसळले, २२३ जण गेले. उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी असलेला एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर हवेत असतानाच उघडला होता. अशा स्थितीतही विमान सावरता येते, असे तोवर मानले जाई. लाउडा स्वतः बोइंगच्या सिम्युलेटरमध्ये बसला. त्याला विमान सावरता आले नाही. दोष वैमानिकांचा नव्हता, हे बोइंगने उघडपणे सांगावे म्हणून तो अडून बसला. पुढे रिव्हर्सरला जादा कुलूप बसवण्यात आले. रिव्हर्सर मुळात का उघडला, हे मात्र तपासात निश्चित झाले नाही, आणि अहवालात तसेच लिहिले गेले.

आमची मागणी एवढीच आहे: प्रत्येक वर्कशॉपच्या जॉब कार्डवर ‘कारण सापडले नाही’ असा रकाना असावा, आणि तो भरणाऱ्या कारागिराला मालकाने बोल लावू नये.