प्रिस्किल्ला आणि लक्ष्मीबाई

घाटंजीहून जवळच्या यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत, पुण्यास जाण्यापूर्वी, युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ख्रिस्ती धर्मप्रसार म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर अशा संस्था आणि नामांकित मिशनरी उभे राहतात. पहिल्या शतकातील चित्र निराळे होते. पौल सर्वतोमुखी झाला. पण करिंथात तो राहिला अक्विला व प्रिस्किल्ला या राहुट्या करणाऱ्या जोडप्याच्या घरी. अपुल्लोस हा व्युत्पन्न वक्ता. त्याचे अपुरे ज्ञानही या दोघांनीच पुरे केले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्यांना सलाम सांगताना पौल पत्नीचे नाव आधी घेतो, पतीचे मागाहून.

आमच्या वाङ्मयेतिहासाला हे सौजन्य साधलेले नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मागाहून, १९०० साली, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. १९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे चौसष्ट अध्याय रचले. ख्रिस्तचरित्र ओवीसारख्या ओळखीच्या वळणाने मराठी घरांत नेण्याच्या या खटाटोपात मोठा वाटा त्यांचा आहे. तरी वर्गात आम्ही 'स्मृतिचित्रे'पाशी थांबतो आणि 'ख्रिस्तायन' टिळकांच्या नावे सांगून मोकळे होतो. आमच्या मते हे काव्य अभ्यासक्रमात दोघांच्या नावाने यावे. पौलाने पत्नीचे नाव आधी घेतले. आम्ही निदान बरोबरीने तरी घ्यावे.