डिस्क पुसली म्हणजे व्हायरस गेला का?

रायपूरच्या चौबे कॉलनीतले मराठी घर असो की पुण्यातले, संगणक रडू लागला की दुरुस्तीवाल्याचा सल्ला ठरलेलाच: ‘फॉरमॅट मारून टाकू!’ मग घरच्यांना दोन प्रश्न पडतात. मुंजीचे, लग्नाचे फोटो जातील का? आणि एवढे करून व्हायरस तरी जाईल का?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. दुसरी प्रत नसेल, तर फोटो गेलेच असे समजावे. दुसऱ्याचे उत्तर ‘बहुतेक वेळा जातो’ असे आहे. व्हायरस हाही एक प्रोग्रामच. संपूर्ण डिस्क पुसून विंडोज नव्याने घातली की त्याला थारा उरत नाही. मात्र नुसता सी ड्राइव्ह पुसून डी ड्राइव्ह तसाच ठेवला, तर तिथला बाधित प्रोग्राम चालवताच दुखणे परतते.

जुने काही व्हायरस फॉरमॅटलाही पुरून उरत. १९९१ मध्ये सापडलेला ‘मायकेलअँजेलो’ ६ मार्चला डिस्कवरची माहिती नष्ट करी. तो हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या भागात बसे आणि डॉसची फॉरमॅट आज्ञा त्या भागाला हातच लावत नसे. त्याच काळात पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले संगणक येऊ लागले. धाकटे बंधू संजय यांनी डिस्क न पुसता व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच ‘क्विक हील’ उभे राहिले.

२०१८ मध्ये उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ तर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये दडतो, डिस्क बदलली तरी राहतो. पण असे प्रकार विरळा. घरोघरी व्हायरस परत येतो तो बहुधा पेन ड्राइव्हमधून किंवा जपून ठेवलेल्या जुन्या प्रोग्राममधून.

म्हणून घाई करू नये. आधी अद्ययावत अँटीव्हायरसने तपासणी करावी. पुसणे भागच असेल, तर फोटो व कागदपत्रे तेवढी दुसरीकडे उतरवावीत, प्रोग्राम नकोत. विंडोज घालण्याचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या निरोगी संगणकावर तयार करावा. डिस्कचे सगळे भाग पुसावेत. जुन्या फाइली तपासल्याशिवाय परत घेऊ नयेत. शेवटी बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदलावेत, कारण चोरीला गेलेला पासवर्ड डिस्क पुसून परत मिळत नाही.

आणि फोटोंची दुसरी प्रत? ती संगणक धडधाकट असतानाच काढून ठेवावी.