शिसे कोणी मोजायचे?

२०१५ च्या जून महिन्यात मॅगी नूडल्समध्ये शिसे आढळल्याच्या बातमीने देश ढवळून निघाला. बाराबंकी येथे घेतलेल्या नमुन्यावरून वाद पेटला, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, दुकानांतील पाकिटे परत गेली. पुढे १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठविली. या काळात शिसे हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु मंडईतून आणलेल्या मेथीच्या जुडीबाबत तोच प्रश्न कोणी विचारला नाही. नूडल्स अधूनमधून खाल्ल्या जातात, भाजी मात्र रोज ताटात असते. बहुतेक पालेभाज्यांसाठी किलोमागे ०.३ मिलिग्रॅम शिशाची कमाल मर्यादा कायद्याने ठरविलेली आहे. ती पाळली जाते की नाही, हे पाहण्याची तसदी कोण घेतो?

मावळातील इंदुरीचे उदाहरण घेऊ. सरसेनापती दाभाडे यांच्या गढीचे हे गाव इंद्रायणीच्या काठी वसले आहे. लोणावळ्याच्या डोंगरांतून निघालेली ही नदी कामशेत, इंदुरी असा प्रवास करीत देहू-आळंदीला पोहोचते. तिच्या नावाचा तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने दिला. आज त्याच नदीच्या परिसरात तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहती उभ्या आहेत, आणि आळंदीच्या घाटावर फेस तरंगल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत नित्याची झाली आहेत. या खोऱ्यातील भाजीपाला जातो कोठे? तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते : ‘मावळात शिशाची खाण कोठे आहे?’ खाण नाही, हे खरेच. खाणीशेजारी काय घडते, हे जगाने पाहिले आहे. झांबियातील काब्वे येथील शिशाची खाण १९९४ साली बंद झाली. पाव शतक उलटल्यावरही तेथील मुलांच्या रक्तात शिसे सापडत राहिले. जपानमध्ये कामिओका येथील जस्त-शिशाच्या खाणीतून कॅडमियम जिंझू नदीत उतरले, नदीतून भातखाचरांत आणि भातातून माणसांच्या हाडांत. ‘दुखते, दुखते’ अशा अर्थाचे ‘इताई-इताई’ हे त्या रोगाचे नाव. जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ साली, म्हणजे पिढ्या भोगून झाल्यावर.

परंतु शिसे केवळ खाणीतूनच येते, हा भ्रम आहे. आजची शिशाची खाण भंगारात आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे बॅटऱ्यांत जाते, आणि जुनी बॅटरी उघड्यावर फोडून वितळविली की तेच शिसे धुराबरोबर आणि सांडलेल्या आम्लाबरोबर मातीत उतरते. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० सालापर्यंत विकले जात होते. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी मुंबई-पुण्याची सारी वाहतूक लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव याच रस्त्याने जात असे. शिसे कुजत नाही, विरघळून नाहीसे होत नाही. मातीच्या वरच्या थरात ते पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसते.

त्याचे परिणाम कोणावर होतात? प्रथम मुलांवर. पोटात गेलेले शिसे लहान मूल प्रौढाच्या चार-पाच पट अधिक शोषून घेते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते. बुद्धी मंदावते, लक्ष एकाग्र होत नाही. मोठ्यांत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे निकामी होतात. स्त्रीच्या हाडांत साठलेले शिसे गर्भारपणी पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे. ज्या देशाला आपल्या तरुण पिढीचा अभिमान आहे, त्याने हा आकडा वाचून झोपी जावे काय?

शासनाच्या मोजपट्ट्यांची कथा तर अधिकच उद्वेगजनक आहे. नदीचा पट्टा प्रदूषित ठरविताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते ते जैविक ऑक्सिजनची मागणी. सांडपाण्याची घाण त्यात कळते, शिसे कळत नाही. २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. योजना स्तुत्य आहे. परंतु तिच्यातील बारा निकषांत नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, बोरॉनपर्यंत सारे आहे, शिसे नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेची मात्र नोंदणी होते, नमुने तपासले जातात. परक्याच्या ताटाची एवढी काळजी आणि आपल्या लेकराच्या ताटाची हेळसांड, हा कोठला न्याय?

‘असे लिहिल्याने शेतकऱ्याचा माल पडून राहील’, असा आक्षेप येईल. शेतकरी येथे आरोपी नाही, तो पहिला पीडित आहे. ती भाजी आधी त्याच्याच घरी शिजते. तपासणीचा दाखला हे त्याचे संरक्षणच होय. ‘सेंद्रिय’ या चिठ्ठीनेही समाधान मानू नये. रासायनिक खत टाळल्याने मातीत आधीच असलेले शिसे निघून जात नाही.

१५ जून २०२५ रोजी याच इंदुरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचे आधीच ठाऊक होते. डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्याची ही गत, तर न दिसणाऱ्या विषाची काय कथा!

म्हणून मागणी स्पष्ट हवी. इंद्रायणीकाठची माती, विहिरींचे पाणी आणि भाजी यांची दरवर्षी शिशासाठी तपासणी व्हावी, निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत आणि मृदा पत्रिकेत शिशाचा रकाना यावा. जेथे दोष आढळेल तेथे शेतकऱ्याला पालेभाजीऐवजी फुलशेतीकडे वळण्यास साहाय्य मिळावे आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल व्हावा. तोवर गृहिणींनी पालेभाजी तीन-चार पाण्यांत धुवावी, बाहेरची पाने काढावीत, कंदमुळे सोलून घ्यावीत. पानांवरची धूळ जाईल, आत शोषलेले शिसे मात्र शिजवूनही जाणार नाही.

१९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली आणि ग्राहकाला आवाज दिला. तोच वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. इंद्रायणीला माता म्हणायचे आणि तिच्या काठी काय पिकते याची चौकशीही करायची नाही, ही भक्ती नव्हे.