बियाण्याबरोबरची चिठ्ठी

वाचकहो, पुढच्या पेरणीसाठी बियाणे राखण्याची रीत आपल्याला नवी नाही. गाडग्यात राख घालायची, कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि तोंड लिंपून कोपऱ्यात ठेवायचे. पण त्या बियाण्याची हकिगत कुणी लिहून ठेवते का? आज अशा माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने उभ्या आयुष्यात बियाणेही जमवले आणि त्याची हकिगतही लिहिली.

त्याचे नाव फ्रँक मेयर. जन्म १८७५ चा, हॉलंडातल्या ॲमस्टरडॅमचा. पोरवयातच तो तिथल्या वनस्पती-उद्यानात माळ्याच्या हाताखाली लागला. १९०१ साली अमेरिकेला गेला. १९०५ साली तिथल्या शेतीखात्याने त्याला चीनला धाडले. काम एकच, तिकडच्या शेतकऱ्यांजवळची उपयोगी पिके आणि फळझाडे शोधून पाठवायची. पुढच्या तेरा वर्षांत त्याने चार सफरी केल्या. चालायची त्याला भारी हौस. डोंगर, वाळवंट, बर्फ तुडवत तो गावोगाव फिरला. रात्री मुक्काम वाटेवरच्या घाणेरड्या सराईत.

त्याने सुमारे अडीच हजार प्रकारची बियाणी व रोपे पाठवली. कलमाच्या काड्या ओल्या शेवाळात गुंडाळून टपालाने जात. त्यांच्याबरोबर वरिष्ठ डेव्हिड फेअरचाइल्ड यांना पत्रे जात. जमीन कशी, पाणी किती, थंडी किती, लोक त्या पिकाचे काय करतात, हे सारे तो लिही. सोयाबीनचे चाळीसच्या वर वाण त्याने पहिल्या सफरीतच पाठवले. त्या काळी अमेरिकेत हे पीक मुख्यतः चाऱ्यासाठी घेत. चिनी घरांत त्याच दाण्याचे पनीरासारखे पदार्थ होतात, हेही त्याने कळवले.

पत्राची खरी किंमत कळली ती १९१३ साली. अमेरिकेतल्या जंगलांत चेस्टनटची झाडे साल कुजून मरत होती. रोग १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये दिसला होता, पण आला कुठून ते कळेना. फेअरचाइल्ड यांनी मेयरला पत्र लिहिले, की चीनमध्ये असे काही दिसते का ते पाहा. पेकिंगच्या ईशान्येच्या डोंगराळ भागात त्याला तोच रोग दिसला. त्याने सालीचा तुकडा पत्रासोबत पाठवला. तपासणीत बुरशी तीच निघाली. मेयरने आणखी एक गोष्ट नोंदली होती. चिनी झाडांना हा रोग होतो, पण ती सहसा मरत नाहीत. अमेरिकेतली अब्जावधी झाडे पुढे गेलीच. पण रोगाला टिकणारे झाड तयार करण्यासाठी आजही चिनी चेस्टनटशी संकर करतात.

दुसरे उदाहरण कॅलरी नाशपातीचे. फळ बारीक, पण अमेरिकेतल्या नाशपातीच्या बागा जाळणाऱ्या रोगाला झाड दाद देईना. म्हणून कलमाच्या खुंटासाठी त्याचे बी हवे होते. हे झाड कोरड्या उतारावरही वाढते आणि साचलेल्या पाण्यातही, असे मेयरने १९१७ साली कळवले. हा गुण होता, तसा इशाराही होता. पुढे याच जातीची शोभेची झाडे अमेरिकेत घरोघर लागली, ती रानोमाळ पसरली आणि आज काही राज्यांत त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

१९१८ च्या जूनमध्ये यांगत्से नदीवरच्या आगबोटीतून मेयर रात्री नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचा देह नदीत सापडला. नेमके काय घडले, ते कधीच कळले नाही. मृत्युपत्रात त्याने कचेरीतल्या सोबत्यांसाठी हजार डॉलर ठेवले होते. त्यांनी ते वाटून न घेता त्याच्या नावाचे पदक सुरू केले.

मात्र एक गोष्ट विसरू नका. मेयरने जे गोळा केले, ते चिनी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखले होते. त्यांची नावे कुठेच नाहीत.

आपल्या घरचे तसे होऊ नये. गाडगे लिंपण्याआधी एक चिठ्ठी लिहा. बियाणे कुणाकडून आले, कोणत्या साली, कसल्या रानात पिकले, पाऊस ओढला तेव्हा टिकले का, कोणत्या रोगाने गेले, भाकरी कशी होते, गुरे कडबा खातात का. हे सारे सासूबाईंना, आजीला ठाऊक असते. त्यांना विचारा, शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. आणि ज्या बाईने ते बियाणे आजवर राखले, तिचे नाव सगळ्यांत वर घाला.