माकडांची आयात : ओमानपुढचा जोखमीचा हिशेब

ओमानच्या भूमीत मूळचे एकही माकड नाही. अरबी द्वीपकल्पातील एकमेव स्थानिक जात, हमाड्रायस बबून, सौदी अरेबिया व येमेनच्या डोंगरांत आढळते. इब्रा येथील सफारी वर्ल्डसारख्या प्रकल्पांमुळे प्राणिसंग्रहालयांचे आकर्षण वाढत असताना एक गोष्ट म्हणून ध्यानात ठेवावी लागते : ओमानच्या पिंजऱ्यातील प्रत्येक माकड, निदान त्याचे पूर्वज, सीमा ओलांडूनच आलेले असणार. सारी भिस्त त्या सीमेवरील तपासणीवर आहे.

पहिली जोखीम रोगाची. १९६७ मध्ये युगांडाहून युरोपातील प्रयोगशाळांसाठी आणलेल्या माकडांमधून मार्बर्ग विषाणू माणसांत शिरला. ३१ जणांना लागण झाली, सात जण दगावले. सिंधुदुर्गाशी नाते असलेल्यांना माकडतापाची ओळख करून देण्याची गरज नाही. त्याच विषाणूचा निकटचा भाऊबंद असलेला अल्खुर्मा विषाणू १९९०च्या दशकात सौदी अरेबियात सापडला. दोहोंच्या प्रसाराशी गोचिडांचा संबंध आहे. म्हणजे केवळ माकडाचे रक्त तपासून भागत नाही. त्याच्या अंगावरची गोचीडही विलगीकरणातच रोखावी लागते.

दुसरी जोखीम कागदपत्रांची. वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ कराराचा ओमान २००८ पासून सदस्य आहे. या करारानुसार रानातून पकडलेल्या चिंपांझीचा व्यापारी सौदा निषिद्ध आहे. नोंदणीकृत केंद्रात पैदास झालेल्या प्राण्यांना मात्र सवलत मिळू शकते. पळवाट नेमकी येथेच आहे. गिनी देशातून शंभराहून अधिक चिंपांझी ‘बंदिवासात जन्मलेले’ म्हणून चीनला गेले; प्रत्यक्षात गिनीत तसे पैदास केंद्रच नव्हते. परवाना हाती असणे हा प्राण्याच्या जन्मस्थानाचा पुरावा ठरत नाही.

तिसरी जोखीम काळाची. चिंपांझी बंदिवासात चाळीस-पन्नास वर्षे जगतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्याला तितकी वर्षे गारवा, सोबत आणि पशुवैद्य पुरवणे हा खर्च तिकीटविक्री घटली म्हणून थांबवता येत नाही.

या बाबतीत ओमानचा स्वानुभव बोलका आहे. रानातून नामशेष झालेला अरबी ओरिक्स १९८२ मध्ये येथेच पुन्हा मोकळा सोडला गेला. पुढे शिकार वाढली, अभयारण्याचे क्षेत्र घटवले गेले आणि २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून वगळले. प्राणी आणणे एका निर्णयाचे काम. त्याला सांभाळणे पिढ्यांचे. म्हणून उगमाची स्वतंत्र पडताळणी, कडक विलगीकरण आणि आजन्म देखभालीची आर्थिक हमी, या तीन अटी पूर्ण झाल्याशिवाय एकाही आयातीला मंजुरी मिळू नये.