नक्कल करणाऱ्याच्या हाती नक्कलच उरते

३१ मार्च २०२२ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने 'मिक्रॉन' या रशियन कंपनीवर निर्बंध घातले. युक्रेनवरील आक्रमणाला तेव्हा पाच आठवडे झाले होते. मिक्रॉन ही रशियातील सर्वांत मोठी मायक्रोचिप बनवणारी कंपनी. अमेरिकेतील 'मायक्रॉन' ती वेगळी, तिचा हिच्याशी संबंध नाही. ज्या देशाने १९५७ साली जगातला पहिला उपग्रह सोडला, १९६१ साली पहिला माणूस अंतराळात पाठवला, त्या देशाची सर्वांत मोठी चिप कंपनी एवढी मागे का राहिली? रशियन माणसाला अक्कल कमी होती, असे उत्तर कोणी देत असेल तर ते खोटे आहे. अशी उत्तरे कोण देतो आणि कशासाठी देतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मॉस्कोच्या वायव्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर झेलेनोग्राद नावाचे शहर आहे. ते वसवायला १९५८ मध्ये सुरुवात झाली. मे १९६२ मध्ये ख्रुश्चेव्ह लेनिनग्राडमधील एका प्रयोगशाळेत गेले. तिथे फिलिप स्तारोस आणि जोसेफ बेर्ग या दोघांनी त्यांना छोटा संगणक आणि कानात मावणारा रेडिओ दाखवला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झेलेनोग्रादला मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र करण्याचा निर्णय झाला. हे स्तारोस आणि बेर्ग म्हणजे खरे तर आल्फ्रेड सॅरंट आणि जोएल बार, अमेरिकेतून पळून आलेले दोन कम्युनिस्ट अभियंते. केंद्राची कल्पना त्यांची, पण प्रमुखपद दुसऱ्याला मिळाले. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह गेले आणि पुढे स्तारोस यांनाही झेलेनोग्रादमधून बाजूला केले गेले. ज्याने नवे काही सुचवले, तोच आधी दाराबाहेर गेला.

या केंद्रात १९६४ साली मॉलिक्युलर इलेक्ट्रॉनिक्सची संशोधन संस्था निघाली आणि १९६७ साली तिला जोडून मिक्रॉन हा कारखाना उभा राहिला. संस्थेची सूत्रे १९६५ मध्ये कामिल वालियेव्ह यांच्याकडे आली. हे तातार समाजातले, खेड्यात जन्मलेले, काझानला भौतिकशास्त्र शिकवणारे गृहस्थ. तेव्हा त्यांचे वय होते ३४. पुढे त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले, उतारवयात ते क्वांटम संगणकाच्या संशोधनाकडे वळले. तेव्हा बुद्धीचा दुष्काळ होता असे म्हणायला जागाच नाही.

मग चुकले कुठे? चुकले ते धोरणात. बोरिस मालिन हे सोव्हिएत अभियंते अमेरिकेत शिकून आले आणि येताना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची चिप घेऊन आले. इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे प्रमुख अलेक्झांडर शोकिन यांनी ती जशीच्या तशी बनवा, काही बदलू नका, असा हुकूम दिला, असे सांगतात. ही एका चिपची गोष्ट राहिली नाही. सगळ्या उद्योगाची वहिवाटच तशी पडली.

चिपची नक्कल होते कशी? वरचे आवरण काढायचे, एकेक थर सोलायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे फोटो घ्यायचे आणि त्यावरून नकाशा काढायचा. नकाशा मिळतो, पण रसायन किती शुद्ध हवे, भट्टी किती तापवायची, कारखान्याच्या हवेत धुळीचा कण किती चालतो, हे त्या नकाशात लिहिलेले नसते. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप उमटतात. त्यांतल्या किती चालतात यावर सगळा धंदा उभा असतो आणि हे ज्ञान चुकतमाकत काम करणाऱ्याच्या हातातच तयार होते. शिवाय इथे काळ थांबत नाही. चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, हे गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्येच सांगितले होते. आजची चिप उकलून तिची नक्कल तयार होईपर्यंत मूळ कंपनी दोन पायऱ्या पुढे गेलेली असते.

संगणकाच्या बाबतीतही तेच झाले. लेबेदेव्ह यांच्यासारखे स्वतःच्या बुद्धीने संगणक बांधणारे लोक देशात होते. त्यांचा विरोध असताना १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम-३६० च्या धर्तीवर 'ईएस' मालिका काढायचे ठरले. त्याच मालिकेतला एक संगणक १९७० च्या दशकात पवईच्या आयआयटीत येऊन बसला होता. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या त्या संस्थेतल्या आपल्या मुलांनीही नकलेवरच हात बसवला.

दुसऱ्याकडून घेणे हा गुन्हा नाही. जपानने अमेरिकेकडून ट्रान्झिस्टरचा परवाना घेतला. तैवानने १९७६ मध्ये आरसीए कंपनीशी करार करून आपले अभियंते तिकडे शिकायला पाठवले आणि १९८७ मध्ये तिथे टीएसएमसी उभी राहिली. ते शिकले, गिरवत बसले नाहीत. घेतलेल्या वस्तूत बदल करायची त्यांना मुभा होती, आणि रेडिओ, कॅल्क्युलेटर विकत घेणारा सामान्य माणूस त्यांचा गिऱ्हाईक होता. मिक्रॉनचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे लष्कर. तिथे सगळे गुप्त. शेजारच्या संस्थेत काय चालले आहे हेही कळायचे नाही. पाश्चात्त्य देशांनी यंत्रे विकायला बंदी घातली होती, हे खरेच. पण बंदी होती म्हणूनच स्वतःच्या डोक्याची गरज जास्त होती, आणि नेमके तेच डोके नाकारले गेले.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि लष्कराच्या मागण्या आटल्या. मिक्रॉनने आशियातल्या देशांना स्वस्त चिप विकून दिवस काढले. पुढे कारखाना 'सिस्तेमा' या खासगी उद्योगसमूहाकडे गेला. मग तंत्रज्ञान विकत घेण्याचे दिवस आले. २००० च्या दशकात एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सकडून १८० नॅनोमीटरचे तंत्र घेतले, २०१२ मध्ये सरकारी भांडवलाच्या मदतीने ९० नॅनोमीटरची शाखा सुरू झाली. इंटेल ९० नॅनोमीटरच्या चिप २००४ मध्येच विकत होती आणि २०१२ मध्ये ती २२ वर पोहोचली होती. मेट्रोची तिकिटे, पासपोर्ट, बँकेची कार्डे यांच्या चिप मिक्रॉनने बनवल्या आणि त्यावर कारखाना जगला. पण रशियात आराखडा काढलेले बैकाल आणि एल्ब्रुस हे प्रोसेसर छापून आणावे लागत ते तैवानमधून. २०२२ मध्ये तैवानचे दार बंद झाले. आता डोके घरचे होते, पण हात परके निघाले.

वाचकहो, एकाने विचार करायचा आणि दुसऱ्याने मुकाट्याने गिरवायचे, ही विभागणी आपल्या ओळखीची आहे. ती माणसाला मागे ठेवते, तशी देशालाही ठेवते. मिक्रॉनच्या कामगारांनी, अभियंत्यांनी कष्टात कसूर केली नाही. त्यांना चुका करण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याला चूक करता येत नाही त्याला नवे काही करता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा येथे तैवानी कंपनीच्या साह्याने टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. कारखाना जरूर व्हावा. पण गुंतवणुकीचे आकडे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी आपण एवढेच विचारावे की, तिथे जाणारी आपली मुले आराखडा काढायला बसणार की फक्त यंत्राचे बटण दाबायला? करारात शिकण्याचा आणि बदल करण्याचा हक्क आहे की नाही? हा प्रश्न झेलेनोग्रादमध्ये वेळेवर विचारला गेला नाही. आपण तो आताच विचारला पाहिजे.